बाप्तिस्म्याच्या वहीतली नावं

बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीतल्या बहुतेकांचे डोळे बाळावर असतात. ते रडेल का, पाळकांच्या चष्म्याला हात घालेल का, याचंच सगळ्यांना कुतूहल. आईबाप आपली वचनं देतात. मग पाळक बाकांकडे वळतात आणि मंडळीला विचारतात: या लेकराला प्रभूच्या शिक्षणात वाढवायला तुम्ही साहाय्य कराल का? सगळे उभे राहून "होय" म्हणतात आणि बसतात. प्रेसबिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या सभेनं मंडळी चालवणाऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेच्या उपासनेतलं हे सगळ्यात जड वचन आहे, आणि ते सगळ्यात सहज तोंडातून जातं. अँग्लिकन रीतीत धर्मपिता आणि धर्ममाता उभे राहतात. जिनिव्हा आणि स्कॉटलंडकडून आलेल्या या प्रेसबिटेरियन परंपरेत आईबाप मूल पुढे आणतात आणि त्यांच्या मागे सबंध मंडळी जामीन राहते. अडचण अशी की दोनशे माणसं एकदम "होय" म्हणाली की त्यातल्या एकाच्याही अंगावर ते पडत नाही.

मुलांची आणि तरुणांची सेवा म्हटलं की लगेच गाणी, चित्रं, खेळ, शिबिरं डोळ्यांसमोर येतात. ते सगळं हवंच. पण त्याच्या आधी हे वचन नावानिशी वाटून घ्यायला हवं. कोणत्या मुलाचं नाव कोणत्या वडिलांकडे आहे हे कागदावर नसेल, तर ते मूल कोणाचंच नसतं. वडील म्हणजे पाळकांबरोबर मंडळीची देखरेख करायला निवडलेले स्त्री-पुरुष. आज पुष्कळ मंडळ्यांत त्यांच्या सभेची जागा पास्टरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीच्या कारभार समितीनं, घेतली आहे, पण काम तेच आहे. जानेवारीतल्या पहिल्या सभेला बाप्तिस्म्याची वही टेबलावर ठेवावी, बरोबर चौदा वर्षांपूर्वीचं पान उघडावं आणि एकेक नाव मोठ्यानं वाचावं. प्रत्येक नावापुढे चारांपैकी एक नोंद येईल: येतो, येत नाही पण घर माहीत आहे, गाव सोडलं, माहीत नाही. शेवटची नोंद जिथे येते तिथे सभेत सगळे गप्प होतात. कामाला सुरुवात तिथूनच करायची.

एका वडिलांकडे सहा ते आठ मुलं पुरे. त्याहून जास्त दिली की नावं पाठ राहतात आणि मुलं राहत नाहीत. वर्षातून दोनदा घरी जावं, मूल कितवीत आहे, शाळा कोणती, परीक्षा कधी, घरात आजारी कोण, एवढं माहीत असावं. इथे एक चूक नेहमी होते. मूल दोन-तीन रविवार दिसलं नाही की मग वडील घरी जातात. त्या भेटीला चौकशीचा वास येतो, आई कारणं सांगायला लागते, मूल आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. पहिली भेट मूल नियमित येत असतानाच झाली पाहिजे, म्हणजे पुढे गैरहजेरीत गेलात तरी ओळखीचं माणूस आलंय असं वाटतं.

या परंपरेत मुलांना बाजूला बसवायची पद्धत मुळात नव्हतीच. सोळाव्या शतकात जिनिव्हात रविवारी दुपारी मुलांची प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून श्रद्धेची शिकवण, होत असे. १५६० साली स्कॉटलंडच्या सुधारकांनी मंडळीच्या व्यवस्थेचा मसुदा तयार केला. त्यात दुपारची प्रश्नोत्तरी सगळ्या लोकांच्या कानांवर पडेल अशी घ्यावी असं म्हटलं होतं, आणि प्रत्येक मंडळीला शाळामास्तर असावा असंही. मूल उत्तर देतं तेव्हा ऐकणारा बापही शिकतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. संडे स्कूल ही त्यानंतर दोन शतकांनी आलेली, वेगळ्या गरजेतून निघालेली गोष्ट. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना त्यांच्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी वाचायला शिकवणारी शाळा काढली. दोन्ही धागे पुढे एकत्र आले. आपण मात्र शाळेची खोली ठेवली आणि मंडळीनं ऐकणं सोडून दिलं. आमच्या मते खरी तूट इथेच आहे.

आमच्या नागपूरला ही परंपरा शाळेच्याच वाटेनं आली. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात इथे आले, त्यांनी शाळा काढली, आणि १८६३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. उत्तर भारतातल्या प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये एक झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात आणखी पाच परंपरांसोबत चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यामुळे आज एकाच बाकावर धर्मपिता नेमणारं घर असतं आणि न नेमणारंही, तान्ह्याचा बाप्तिस्मा करणारं घर असतं आणि मूल जाणतं होईपर्यंत थांबणारंही. मुलांच्या सेवेची आखणी करताना हे धरून चालावं लागतं. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्या मुलाचं नावही वहीच्या शेवटी वेगळ्या पानावर हवं, नाहीतर जानेवारीच्या वाचनात ते सुटतं.

आता रविवारचा वर्ग. मुलांनी उपासनेचा पहिला भाग मोठ्यांबरोबरच बसून करावा: आवाहन, स्तुतिगीत, पापकबुली, प्रभूची प्रार्थना, शास्त्रपाठ. साधारण पंचवीस मिनिटं. उपदेशाआधीच्या गीताला ती उठून वर्गात जातात. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर मोडण्याआधी ती परत आत आलेली असली पाहिजेत. ती प्रभुभोजन घेत नसली तरी बघतात, आणि बघण्यानंच पुढचे प्रश्न तयार होतात. हे दर वेळी चुकतं, कारण वर्गात शिक्षिकेला उपदेश कधी संपला ते कळत नाही. एका माणसाला एवढंच काम द्यावं: उपदेशानंतरच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेला सुरुवात झाली की वर्गाच्या दाराशी जाऊन सांगायचं.

वर्गाला हातात चाळीस मिनिटं मिळतात. हजेरी आणि वाढदिवस पाच, गीतं सात, गोष्ट बारा, बायबलमधलं वचन पाठ करणं सहा, हातकाम किंवा चर्चा आठ, उरलेली प्रार्थनेला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांत आठांमागे दोन मोठी माणसं लागतात, कारण एक मूल शू करायला गेलं की एक माणूस गेलंच. सहा ते अकराला बारांमागे दोन. गोष्टीची तयारी शनिवारी रात्री अकराला मोबाइलवर होत नाही. उतारा सोमवारपासून चार वेळा वाचावा आणि स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: इथे देवानं काय केलं, आणि कोणासाठी केलं? बहुतेक वर्ग बिघडतात ते इथे. दावीद आणि गल्याथाची गोष्ट "तुम्हीही शूर व्हा" या बोधावर संपते, योसेफाची "भावंडांशी भांडू नका" यावर. दाविदाच्या तोंडी तर लढाई परमेश्वराची आहे असं स्पष्ट आलंय. ते गाळून आपण आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर गोफण ठेवतो. शाळेत बुलिंग सोसणाऱ्या मुलाला "शूर हो" या उपदेशानं घरी जाताना आणखी एकटं वाटतं.

वचनाचा प्रश्न नागपुरात भाषेचाही आहे. मुलं शिकतात इंग्रजी माध्यमात, मैदानावर बोलतात हिंदी, आजीशी मराठी, आणि देवनागरी वाचताना अडखळतात. म्हणून पुष्कळ शिक्षक वचन रोमन लिपीत लिहून देतात. आम्हाला हे पटत नाही. त्यातून 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो, आणि मोठेपणी मराठी बायबल उघडायची सवयच लागत नाही. फळ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहावं, सगळ्यांनी दोनदा वाचावं, मग एकेक शब्द पुसत जावं आणि दर पुसण्यानंतर पूर्ण वचन म्हणावं. सातव्या-आठव्या फेरीला फळा कोरा असतो आणि वचन पाठ. संदर्भ आधी आणि शेवटी, दोन्हीकडे म्हणायचा. स्तोत्र २३ असं सहा ओव्यांत सहा रविवारी बसतं.

प्रश्नोत्तरीकडे लोक जुनाट म्हणून बघतात. वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी १६४७ मध्ये तयार झाली, तिच्यात १०७ प्रश्न आहेत. आठवड्याला एक घेतला तर दोन वर्षं आणि तीन आठवडे. पहिलाच प्रश्न माणसाचा मुख्य हेतू काय हा, आणि उत्तर देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. ४५ ते ८१ दहा आज्ञा, ९९ पासून शेवटपर्यंत प्रभूची प्रार्थना. सगळे १०७ नकोत; नऊ ते बारा वयोगटाला तीस निवडले तरी चालतात. उत्तरं आजच्या बोलीत सोपी करून घ्यावीत, मात्र प्रत्येकाच्या तोंडी तेच शब्द असावेत. आणि महिन्यातून एकदा दोन मुलांनी पुढे येऊन एक प्रश्न आणि त्याचं उत्तर सगळ्या मंडळीसमोर म्हणावं. दोन मिनिटं लागतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं किंवा मुलानं उपासनेत शास्त्रपाठ वाचणं. मंडळीचं त्या मुलाकडे आणि मुलाचं स्वतःकडे बघणं यानं बदलतं, पण तयारी नसेल तर उलटंच होतं. बुधवारपर्यंत उतारा मोठ्या अक्षरांत, एका पानावर, ओळींमध्ये जागा सोडून छापून द्यावा. आठ ते बारा ओव्यांहून मोठा नको. पेन्सिलीनं जिथे थांबायचं तिथे आडवी रेघ, नबुखद्नेस्सर, अहश्वेरोश, जखऱ्या असली नावं तोडून वर लिहिलेली. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये एकदा वाचून घ्यावं. मागच्या बाकावर एक जण बसेल आणि शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर हात वर करेल. मुलं वाक्याच्या शेवटी आवाज गिळतात, हा हमखास दोष. माइकचा दांडा मोठ्या माणसाच्या उंचीला लावलेला असतो, तो आधीच खाली करून ठेवावा. सगळ्यांसमोर कोणीतरी धावत येऊन दांडा पिळतं तेव्हा त्या मुलाचा अर्धा धीर जातो. वाचून झाल्यावर टाळ्या नकोत. नेमून दिलेल्या वडिलांनी उपासनेनंतर जवळ जाऊन ओवीतलं काहीतरी विचारावं. मुलाला तेव्हा कळतं की लोकांनी खरंच ऐकलं.

सुट्टीतल्या बायबल शाळेचं म्हणाल तर नागपूरच्या मे महिन्यात ती दहाला सुरू करणं चूक आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. सकाळी पावणेसात ते साडेनऊ, मुलं दहाच्या आत घरी. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तारखांना जागा भरपूर असते; दहा दिवसांपेक्षा सहा दिवस नीट केलेले बरे. हॉलमध्ये कूलर लावले की समोरच्या भिंतीच्या खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर तासाभरात दमट वाफ कोंडते आणि मुलं पेंगतात. पत्र्याच्या कूलरचं अर्थिंग वायरमनकडून आदल्या आठवड्यात तपासून घ्यावं, पाणी भरताना प्लग काढलेला असावा, आणि कूलरसमोर दोरी किंवा बाकांचं कुंपण असावं. ओल्या हातांनी पत्र्याला हात लावणारं मूल दर वर्षी एक तरी असतंच. खाऊला चिवडा आणि केळं, प्यायला कैरीचं पन्हं. क्रीमची बिस्किटं आणि बाटलीतली सरबतं देऊ नयेत. ओआरएसची पाकिटं दाराशी ठेवावीत. दहावी-बारावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली मुलं या दिवसांत सगळ्यात चांगले मदतनीस होतात. एप्रिलमध्ये दोन शनिवार त्यांना शिकवावं आणि नुसती खुर्च्या उचलायची कामं न देता प्रत्येकाला पाच मुलांचा गट द्यावा.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल भिडेला जागा नाही. कोणतंही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असू नये; वर्गाचं दार उघडं किंवा काचेचं, आणि नेहमी दोन मोठी माणसं, तीही शक्यतो एका घरातली नकोत. सहलीला मुलींबरोबर बाई असलीच पाहिजे. कोणाच्या दुचाकीवर एकट्या मुलाला घरी सोडणं नको. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि अठराच्या आतल्या सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे. त्यानुसार अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवायचं बंधन आहे, न कळवणं हाच गुन्हा. पाळक किंवा समिती "आधी आपण आपसात चौकशी करू" म्हणून थांबू शकत नाहीत. घरच्यांची बदनामी, मंडळीचं नाव, समोरच्याची जुनी सेवा, यातलं काहीही मुलापेक्षा मोठं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलांनाच पाठ असावा. तो वर्गाच्या भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीला लावावा.

तरुणांकडे येताना आधी घड्याळ बघावं लागतं. आठवीपासून कोचिंग सुरू होतं आणि टेस्ट सीरिज रविवारी सकाळीच असते. नीटची परीक्षाच अलीकडे मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी येते. अशा वेळी व्यासपीठावरून "आजच्या तरुणांना देवासाठी वेळ नाही" असं म्हणणं अन्यायाचं आहे. फीचे हप्ते त्याच बाकांवर बसलेल्या आईबापांनी भरलेले असतात. युवक संघाची सभा शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ठेवली तर बहुतेकांना जमते. दीड तास, त्यातला अर्धा तास एका उताऱ्यावर मोकळी चर्चा, आणि चर्चेचा म्होरक्या दर वेळी वेगळा. टेस्टच्या आदल्या रात्री नेमून दिलेल्या वडिलांनी दोन ओळींचा निरोप पाठवावा, निकालाच्या दिवशी फोन करावा. मार्क विचारण्यासाठी नको. कमी पडलेल्या मुलाला त्या दिवशी घरात खूप ऐकावं लागतं, आणि मंडळीतल्या एका माणसाचा साधा आवाज तेव्हा मोलाचा असतो.

श्रद्धा जाहीर करण्याआधीचा वर्ग, काही मंडळ्यांत दृढीकरणाचा वर्ग, हे सगळ्यात नाजूक वळण. बारा आठवडे तरी हवेत. शेवटी मंडळीच्या वडिलांशी होणारं बोलणं परीक्षेसारखं घेतलं तर मुलं पाठ केलेली उत्तरं देतात आणि खरा प्रश्न पोटातच राहतो. एखादी मुलगी "मला अजून खात्री नाही" म्हणाली तर तिला वर्षभर थांबू द्यावं. नातेवाईक बोलावलेत, केक सांगितलाय, ड्रेस शिवलाय, या कारणांनी तिला पुढे ढकलू नये. तो समारंभ आपण एवढा मोठा करून ठेवतो की पुष्कळ मुलांना तो शाळेच्या निरोपसमारंभासारखा वाटतो आणि पुढच्या रविवारी ती येत नाहीत. त्यावर उपाय एकच कामाचा ठरतो: वर्ग चालू असतानाच प्रत्येकाला नेमून काम द्यायचं. अर्पणाची थाळी, पेटी किंवा तबला, साउंड, लहानांच्या वर्गात मदत, मंडळीच्या हिशेबाची नोंद. काम खरं हवं, म्हणजे तो आला नाही तर अडेल असं. आणि अठरा पूर्ण झालेल्या एकाला तरी समितीत मताचा अधिकार द्यावा. नुसतं निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या मुलाला ते लगेच कळतं.

मग बारावी संपते आणि पोरं पुणे, बंगळुरू, हैदराबादला जातात. वहीतल्या नावापुढे "गाव सोडलं" लिहून आपण हात झटकतो. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीकडे सभासदाचं पत्र द्यायची जुनी पद्धत आहे. ती फक्त लग्नाच्या वेळी आठवते. प्रवेश नक्की झाल्यावर आठवडाभरात विचारावं: कोणतं कॉलेज, होस्टेल कुठे, जवळ कोणती मंडळी. पत्राच्या दोन प्रती कराव्यात, एक मुलाच्या हातात, दुसरी त्या गावच्या पाळकांना थेट. त्यात मूल काय काम करत होतं तेही लिहावं, म्हणजे तिकडे त्याला लगेच पेटीवर बसवतील. पहिल्या महिन्यात दर रविवारी संध्याकाळी फोन करावा आणि "चर्चला गेलास का" हा पहिला प्रश्न नसावा. खोलीत कोण आहे, जेवण कसं आहे, हे आधी. नाताळच्या कॅरल पार्टीच्या यादीत बाहेरगावी शिकणाऱ्यांची नावं आधीच घालावीत. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून "तिकीट चोवीसऐवजी एकवीस डिसेंबरचं काढ, तुझा आवाज लागणार आहे" हा फोन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच झालेला बरा.